ओढ्यातली अंडी

३ मार्च १९९७, सोमवार

बाबांनी लग्नात मला मिक्सर दिला आणि निघताना ही डायरी. मिक्सर ट्रंकेतच आहे, कारण इथे वीज नाही. म्हणून डायरी उघडली.

दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये बावीस वर्षं काढलेल्या मुलीला डोंगरावरच्या सात घरांच्या वस्तीवर आणून सोडताना कुणाला काहीच कसं वाटलं नाही, याचा धक्का मला रोज सकाळी नव्याने बसतो. शिरूरपासून एसटीने तास, मग पायी पाऊण तास चढण. पाणी खालच्या विहिरीवरून आणायचं. स्थळ आलं तेव्हा सांगितलं, मुलगा बारावी आहे, रांजणगावच्या कंपनीत लागणार आहे. मधे पंचेचाळीस मेंढरं आहेत हे सगळ्यांनी गाळलं.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही अशी इथे रीत आहे. कागदाला कोण विचारतो. हनुमंत, हनुमंत, हनुमंत. माणूस वाईट नाही, पण दिवसभर मेंढरांमागे असतो आणि घरी आला की मेंढरासारखाच गप्प बसतो.

सासऱ्यांचं नाव गेणबा. त्यांना मी मामा म्हणते. सासूबाई बानूबाई, त्या आत्या. आत्या कामाशिवाय बोलत नाहीत. मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, समोर माणूस उभा आहे की झाड एवढंच त्यांना कळतं. आज संध्याकाळी घराच्या मागे गोवऱ्यांच्या आडोशाला जाऊन मी पोटभर रडून घेतलं. वळून बघते तर हाकेच्या अंतरावर मामा कडुलिंबाखाली लोकर कातत बसलेले.  ते सूत कातत राहिले. त्यांना दिसत नाही म्हणून बरं, नाहीतर सगळी अब्रू गेली होती.

४ मार्च, मंगळवार

आज मला नोकरी लागली. पगार नाही.

झालं असं. सकाळी बापलेकांची पुन्हा खडाजंगी झाली. हनुमंतांचं म्हणणं, मेंढरं विकून टाकू, चरायला जागा उरली नाही, मी कंपनीत लागतो आणि रांजणगावला खोली घेतो. मामा म्हणाले, ह्या महिन्या-दीड महिन्यातली लक्षणं बघू. साल वाईट दिसलं तर विकू. साल चांगलं दिसलं तर मेंढरं राहणार, कारण चांगल्या सालात धनगराने बीज, म्हणजे पैदाशीची मेंढरं, मोडायचं नसतं. ही रीत हनुमंतांच्या आज्याची, म्हणून भांडण तिथेच थांबलं.

लक्षणं म्हणजे काय, ते नंतर आत्यांना विचारलं. पळस कुठल्या अंगाने फुलतो, कावळा झाडाच्या कुठल्या फांदीला घर बांधतो, टिटवी अंडी कुठे घालते, असलं सगळं. मामा चाळीस वर्षं हे बघून पावसाचं सांगत आले. आता डोळे गेले. तर मामांनी चहा पिता पिता मला हाक मारली आणि म्हणाले, “औंदा तुझं डोळं घेतो, पोरी. सकाळी एक चक्कर मारायची आन् मला येऊन सांगायचं.”

मी गारच पडले. मला चिमणी आणि कावळा सोडून पक्षी ओळखता येत नाही. दुसरी गोष्ट लिहू की नको असं झालंय, पण लिहिते. साल वाईट निघालं तर मी रांजणगावला नळाखाली भांडी घासणार, चांगलं निघालं तर हंडा घेऊन विहिरीला जाणार. आणि ते माझ्याच डोळ्यांवर ठरणार. या कामाला ज्याने मला निवडलं त्याचे डोळे खरंच गेलेत.

७ मार्च, शुक्रवार

पळस बघितला.

तीन दिवस त्याच वाटेने जात होते, तेव्हा ते एक वाळकं झाड होतं. आज एक पान नाही आणि शेंड्यापासून बुंध्यापर्यंत नुसती केशरी फुलं. मी इतक्या मोठ्याने “अगं बाई!” म्हणाले की शेजारच्या भामाबाई धावत आल्या, साप दिसला का विचारायला. पळस दिसला असं सांगितल्यावर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

मामांना सांगायला गेले तर त्यांनी वकिलासारखं उलटसुलट विचारलं. आधी कुठल्या फांदीला फूल आलं. फुलाचा देठ कसल्या रंगाचा. पाखरं बसली होती का, कुठली, काय करत होती. देठ बघायचा राहिला होता म्हणून परत पाठवलं. देठ काळपट आहे, मखमलीसारखा मऊ. साळुंक्या फुलात चोच घालून आतलं पाणी पितात आणि त्यावरून कचाकचा भांडतात. साळुंक्यांच्या भांडणाचा पावसाशी काय संबंध ते मामांनी सांगितलं नाही. नुसते हसत होते. परीक्षा घेत असावेत.

बाकी इथे बघण्यासारखं काही नाही.

१२ मार्च, बुधवार

कपडे वाळत घालायच्या तारेला एक चिंध्यांची पिशवी लटकलेली होती. कचरा समजून ओढणार, तेवढ्यात आतून एवढुसा पक्षी भुर्रकन बाहेर आला. हात जिथल्या तिथे राहिला. ते त्याचं घर! कोळ्याचं जाळं, सालपटं, लोकरीचा पुंजका, आणि बाहेरून एसटीच्या तिकिटाचा तुकडा चिकटवलेला. आमच्याच लग्नाच्या वऱ्हाडातल्या कुणाचं तरी तिकीट असणार. वर दाराला चक्क छज्जा काढलाय. नर जांभळा, उन्हात चमकतो, आणि काम काडीचं करत नाही. सगळं घर ती एकटी बांधते. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, आपल्यातलंच पाखरू हाय म्हणायचं. आत्या पहिल्यांदा हसल्या.

हे बघण्यात तव्यावरची भाकरी करपली. कपडे आता दगडावर वाळत घालते.

१६ मार्च, रविवार

मामांनी आज टिटवीचं सांगितलं. सगळ्यात मोठं लक्षण तेच, बाकीचं सगळं लिंबूटिंबू. टिटवी उघड्यावर, जमिनीवर अंडी घालते. पावसाची तिला आधी खबर असते. पूर येणार असेल तर ती वर टेकाडावर घालते. पाऊस येणार नसेल तर बिनधास्त ओढ्याच्या वाळूत. ओढ्यात म्हणजे साल वाईट, टेकाडावर म्हणजे साल चांगलं.

हनुमंत तिथेच बसले होते. त्यांनी मला पाणी दिलं तांब्याने, स्वतः उठून. लग्नाला तीन आठवडे होत आले, हे पहिल्यांदाच.

१८ मार्च, मंगळवार

आज मी खोटं बोलले.

ओढ्याकडे निघाले होते, खरंच निघाले होते. उतरणीला करवंदीच्या जाळ्या आहेत. पांढरी फुलं आलीत, वास एवढा गोड की पाय आपोआप तिकडे वळतात. वाकून फूल तोडायला गेले तर फांदीला सापाची कात लोंबत होती. डोळ्यांच्या जागीसुद्धा काचेसारखे गोल. मी चप्पल तिथेच टाकून धूम ठोकली ती घरी. टेकाडावर जायचं तर दूरच.

मामांनी विचारलं, टिटवी दिसली का. काय सांगू याची जुळवाजुळव करत होते, तोवर तेच म्हणाले, “वढ्याच्या वाळूतच घातली आसंल. व्हय ना?”

मी व्हय म्हणाले.

“किती? चार?”

“चार.”

त्यांनी कातणं थांबवलं. मग बरं म्हणाले आणि पुन्हा लोकर कातायला लागले.  इतकी वर्षं लक्षणं बघणारा माणूस, त्याने एकदा तरी विचारायचं ना, ओढ्यात कुठे, कुठल्या वळणाला. पळसाच्या देठाचा रंग विचारतात आणि ज्यावर सगळं अवलंबून ते दोन शब्दांत संपलं. आंधळ्या माणसाला फसवणं इतकं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं. लाज वाटली. पण लाज वाटत असतानाच नळ डोळ्यांसमोर होता, हेही खरं आहे.

मघाशी आत्या माझी चप्पल घेऊन आल्या. कुठे सापडली ते बोलल्या नाहीत.

२३ मार्च, रविवार. होळी

वस्तीची होळी बिरोबाच्या देवळापुढे असते. सातही घरं जमली होती. तिन्हीसांजेला मावळतीकडे तो शेपटीवाला तारा दिसला, ज्याचं पेपरात येतंय. पेपरात वाचलेलं वेगळं आणि डोक्यावर बघणं वेगळं. झाडूने आभाळात रेघ ओढावी तसा. सगळे माना वर करून बघत राहिले. भामाबाई म्हणाल्या, साल वाईट जाणार, शेपूट कधी चांगलं सांगत नाही. मामा म्हणाले, ते राजाबिजाला बघायचं लक्षण, मेंढरं कुठं वर बघत्यात.

मग भामाबाईंचे मालक रखमाजी बोलले. ते म्हणाले, टेकाडावरच्या टिटवीने आठ दिवस जीव नकोसा केलाय, शेळ्या तिकडे वळवू देत नाही, अंगावर येते. मी मामांकडे बघितलं. ते शांतपणे म्हणाले, “ती येगळी. आमच्या पोरीनं वढ्यात बघितलीत.”

रखमाजींनी मान डोलावली आणि विषय संपला. म्हाताऱ्याचा माझ्यावर किती विश्वास! मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

नैवेद्य दाखवल्यावर मामांनी तिथेच सगळ्यांसमोर हनुमंतांना सांगितलं, पोरगी सांगते ते लक्षण वाईट सालाचं, पाडव्यानंतर मेंढरं विकायला काढू. हनुमंतांचं तोंड उघडंच राहिलं. दोन वर्षं ज्यासाठी भांडत होते ते पोळीच्या घासासारखं हातात आलं. आत्या उठून मेंढरांकडे गेल्या. वाघूर, म्हणजे मेंढरांभोवती लावायचं दोरीचं जाळं, त्याला धरून बराच वेळ उभ्या होत्या.

मला आनंद व्हायला हवा होता. घरी आल्यावर पोळी घशाखाली उतरेना. जरा जाडच झाली होती म्हणा.

२५ मार्च, मंगळवार

टेकाडावर जाऊन आले. का गेले ते माहीत नाही. कुणी सांगितलं नव्हतं.

माथ्यावर पाऊल टाकलं आणि ती आली. थेट डोक्यावर! ओरडत, पंख फडफडवत, इतक्या जवळून की केसांना वारा लागला. मी मटकन खाली बसले. बसले म्हणूनच अंडी वाचली, कारण ती दोन हातांवरच होती. उभी असते तर पाऊल त्यांच्यावरच पडलं असतं. गवत नाही, काडी नाही, नुसते खडे गोल लावलेले, आणि त्यात खड्यांच्याच रंगाची चार अंडी. टोकं सगळ्यांची आत. नजर हटवली की दिसेनाशी होतात, पुन्हा शोधावी लागतात.

चार. मी मनाने सांगितला तोच आकडा.

 ओढ्यात मी काहीच बघितलं नव्हतं, हे मला माहीत होतं. पण टेकाडावर हे खरोखर असेल असं वाटलं नव्हतं. म्हणजे साल चांगलं आहे. म्हणजे मामांनी माझ्या थापेवर पंचेचाळीस मेंढरं विकायला काढली. मी हळूच मागे सरकले. ती खाली उतरली, माझ्याकडे एकटक बघत एक-एक पाऊल टाकत अंड्यांपाशी गेली आणि पोटाची पिसं फुलवून बसली.

घरी आले तर मामांनी विचारलं, आज कुठं गेलीस, दम लागलाय. म्हटलं, विहिरीवर. हातात हंडा नव्हता, पण ते त्यांना कुठे दिसतंय.

२९ मार्च, शनिवार

रांजणगावची खोली ठरली. हनुमंत आज एका दमात चार वाक्यं बोलले. नळ आतच आहे. दिवा आहे. बाजार दहा मिनिटांवर. मे महिन्यात कामावर घेणार. मी विचारलं, खिडकी कुठल्या बाजूला? म्हणाले, खिडकी नाही, पण पंखा आहे.

मी खूश आहे. अर्थात खूश आहे. मिक्सर बाहेर काढून पुसून ठेवला.

सकाळी वेडे राघू बघितले. ओढ्याच्या दरडीला बोटभर लांब चोचीने भोक पाडतात, पायाने माती मागे उडवतात. अर्धा हात आत गेला तरी नुसती शेपूट हलताना दिसते. एक तास गेला. पिंपळाची पालवी तांबडी आहे आणि उन्हात आरपार दिसते. होल्याने, म्हणजे रानकबुतराने, घर बांधलंय म्हणे, मोजून पंधरा काड्या, खालून अंडं दिसतं, इतका आळस मी माणसातसुद्धा बघितला नाही. सरड्याचं डोकं लाल झालंय, आणि तो भिंतीवर बसून आमच्या भामाबाईंना जोर मारून दाखवतो. हे सगळं मामांना सांगेपर्यंत दुपार झाली. साल तर ठरून गेलं, तरी रोज विचारतात. सवय जात नसेल.

मामांना खरं सांगायचं, असं रोज ठरवते. जीभ उचलत नाही. सांगितलं तर मेंढरं राहतात, खोली जाते, हनुमंतांचं तोंड पुन्हा मिटतं, आणि सून खोटारडी निघते. न सांगितलं तर फक्त मलाच कळणार. इतकं साधं आहे, तरी मला पानभर लिहावं लागलं.

८ एप्रिल, मंगळवार. पाडवा

गुढी उभारली. लिंबाला मोहर आलाय, अंगणभर पांढरा सडा आणि कडूगोड वास. मामा त्या झाडाखाली बसून जोरात श्वास घेत होते.

सणासुदीला भांडण झालं. हनुमंतांनी शिरूरच्या बाजारातला व्यापारी गाठून ठेवला होता, परवा टेम्पो घेऊन येणार. मामांनी साफ नाही सांगितलं. टेम्पोत चढवायची न्हाईत, म्हणाले, पायानं जातील. नदीपलीकडे पारनेरच्या अंगाला कुणी कोंडिबा आहे, त्याचं स्वतःचं मेंढरांचं मोठं खांड आहे, त्याला निरोप धाडलाय. हनुमंत म्हणाले, दुष्काळ येणार हे कळल्यावर कुठला धनगर मेंढरं घेईल, खाटीक घेतो ते द्यावं. मामा म्हणाले, कोंडिबा घेईल.

आता हा कोंडिबा फसणार, तोही माझ्यामुळे. नाही, चुकलं. साल तर चांगलंच आहे, म्हणजे त्याचा फायदाच. माझं डोकं चालेनासं झालंय.

१२ एप्रिल, शनिवार. दौंड

चार दिवसांसाठी माहेरी आले. आईने काय काय करून घातलं. नळाखाली बसून केस धुतले, डोळ्यांत पाणी आलं सुखाने. वीज आहे, टीव्ही आहे, खुटबावची मावशी मुद्दाम भेटायला आली. सगळं आहे.

शंटिंगचा एवढा आवाज आमच्या क्वार्टरला असतो? बावीस वर्षं मी कशी झोपत होते? सकाळी उठून चक्कर मारायला गेले तर यार्डाच्या कडेला कावळा घर बांधत होता, तारेचे तुकडे घेऊन. पूर्वेच्या फांदीला. हे कुणाला सांगावं कळेना. बाबांना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

१३ एप्रिल, रविवार

परत आले. दौंडला सकाळी शिरूरची एसटी समोरच उभी होती, म्हणून बसले. उद्या मिळाली नसती तर पंचाईत. आई रागावली.

चढण चढून घराआधी टेकाडावर गेले, बॅग घेऊनच. खडे रिकामे!  मग पायाजवळचा एक खडा पळाला. पिल्लं! लिंबाएवढं अंग आणि त्याला काठीसारखे पाय. टिटवी ओरडली की जागच्या जागी चिकटून बसतात, मग हातभर अंतरावरूनही ओळखू येत नाहीत. चारच्या चार मोजली. आनंदाने मी एकटीच हसत होते.

घरी आल्यावर मामांनी आवाजावरून ओळखलं. का हसतीस, म्हणाले. अगदी ओठांवर आलं होतं. म्हटलं, काही नाही, माहेरी चांगलं झालं. तेव्हा मामाही हसले. म्हणाले, आता लवकरच जाशील म्हंजी सुखात.

१७ एप्रिल, गुरुवार

 आठवेल तसं लिहिते.

पहाटे ठरवून उठले होते की आज सांगायचंच. मेंढरं गेली की मग सांगून काय उपयोग. मामा लिंबाखाली बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, मामा, अंडी ओढ्यात नव्हती. त्यांनी हाताने थांब अशी खूण केली. “मागनं सांग. मानसं आलीत.” खरंच कुत्र्याचं भुंकणं ऐकू आलं, आणि चढावरून कोंडिबा वर येत होता, दोन माणसं आणि कुत्रं घेऊन.

कोंडिबा मामांपेक्षा तरुण, पागोटं तसंच, खांद्यावर घोंगडं. मेंढरांत शिरला, पाठी दाबून बघितल्या, दात बघितले. मग येऊन मामांसमोर बसला. मी पाणी घेऊन गेले तेव्हा त्याने सहज विचारलं, “साल कसं म्हनताय, आबा?”

मामा म्हणाले, “चांगलं हाय. टिटवीनं टेकाडावर घातलीत. चार.”

मी तांब्या खाली ठेवला. हनुमंत वाघूर सोडत होते, ते दोरी हातात घेऊन तसेच वळले. त्यांचा आवाज चढला. चांगलं आहे तर आपण विकतोय कशाला, त्यांनी विचारलं.

“चांगलं हाय म्हून तर ह्यो आला,” मामा म्हणाले. “वाईट सालात कोंडिबा येत न्हाई, खाटीक येतो. माझी मेंढरं चरत राहिली पायजेत.”

हनुमंतांनी माझ्याकडे बघितलं. आयुष्यात माझ्याकडे कुणी असं बघितलं नव्हतं. मामांना ते दिसणं शक्य नव्हतं, तरी ते लगेच म्हणाले, “तिच्याकडं बघू नगंस. म्या सांगितलं तसं ती बोलली.”

 आत्यांनी पुढच्या एडक्याच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. कोंडिबाच्या माणसांनी शीळ घातली आणि पंचेचाळीस मेंढरं एकामागे एक उतरायला लागली. एकही मागे वळलं नाही. मला वाटलं होतं ओरडतील. हनुमंत, ज्यांना दोन वर्षं मेंढरं नको होती, ते कुणाला न सांगता त्यांच्यामागे चालायला लागले. नदीपर्यंत सोडतो म्हणाले.

मी मामांसमोर मातीतच बसले.  तुम्हाला कधीपासून माहीत होतं, एवढंच विचारलं.

ते म्हणाले, टिटवी कुठं ओरडते हे कळायला डोळे लागत नाहीत, तू खोटं बोललीस त्याच्या चार दिवस आधीपासून ती टेकाडावर ओरडत होती. आणि पहिल्या आठवड्यात गोवऱ्यांमागे कोण रडत होतं, हे कळायलाही डोळे लागत नाहीत.  लोकरीचा पुंजका हातात तसाच होता.

“बानू माझ्यामागं तीस वर्सं मेंढरांसंगं हिंडली. चार बाळंतपनं वाटंवर. दोन लेकरं वाटंवरच ठिवली. ती गप व्हती. गप हाय म्हंजी बरं चाललंय, असं मी समजत व्हतो. डोळं गेल्यावर घरात बसलो, तवा ती गप कशी असती ते ऐकाय आलं.”

ते म्हणाले, तू रडलीस तेव्हाच ठरवलं की ही पोरगी इथनं जायला पाहिजे. मेंढरं आहेत तोवर हनुमंताला सोडता येणार नाही, तोंडाने काही बोलला तरी. आणि चांगल्या सालात बीज मोडायचं नाही, ही रीत मी माझ्या तोंडाने कशी मोडू, देवापुढं खोटं कसं बोलू. म्हणून तुझ्या तोंडून घेतलं. सकाळी हिंडायला लावलं तेही त्यासाठीच, जाईपर्यंत चार दिवस जीव रमावा म्हणून. पळसाच्या देठात कसलं आलंय लक्षण.

मी त्यांच्या पायाला हात लावला. पाय थंड होते. मला एकदम रडू फुटलं, पण ते त्या दिवसासारखं नव्हतं, आणि काय होतंय ते कळायच्या आत तोंडातून निघून गेलं. “मामा, मला आता इथंच करमतं हो. मला रांजणगावला नाही जायचं.”

त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्या दिशेने तोंड केलं, डोळे पांढरे, उघडे. म्हाताऱ्या माणसाला इतकं दचकलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

“कवापासून?”

मला सांगता येईना. मलाच ते आत्ता कळलं होतं.

 खाली वाटेवरची मेंढरांची धूळ आता विरली होती. आत्या वाघूर गुंडाळून ठेवत होत्या, त्याही थांबून ऐकत होत्या.

“मग आधी बोलायचं न्हाई व्हय, पोरी?” मामा म्हणाले.

मग ते नदीच्या अंगाला, मेंढरं गेली त्या वाटेकडे कान लावून बसले. मीही तिकडेच बघत होते. दुपार कलल्यावर हनुमंत चढावरून वर येताना दिसले. एकटेच होते.